आरओचं टाकाऊ पाणी आणि पिवळी जास्वंद: लातूरच्या एका गच्चीचं प्रकरण

लातूर शहरातलं दुमजली घर. वर गच्ची आणि गच्चीवर ४१ कुंड्या. त्यांत जास्वंदीच्या पाच, मोगऱ्याच्या सहा, गुलाबाच्या चार आणि कागदी लिंबाचा एक मोठा ड्रम. बाकी कढीपत्ता, तुळस, कोरफड, बोगनवेल, कण्हेर, गवती चहा, चार-पाच डब्यांत पालक आणि मिरची. बहुतेक कुंड्या १४ इंची प्लास्टिकच्या, काही सिमेंटच्या, काही रंगाच्या रिकाम्या बादल्या. सगळ्यांत शेतातून पोत्याने आणलेली काळी माती आणि शेणखत.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. मार्गशीर्षात जास्वंदीची शेंड्याची पानं फिकी दिसू लागली. माघ उजाडेपर्यंत ती लिंबासारखी पिवळी झाली, तीन झाडांवर तर पांढुरकी. मग मोगरा, मग गुलाब, शेवटी लिंबू. घरच्यांनी ‘झाडं भुकेली आहेत’ असं धरून डिसेंबरात कुंडीमागे चमचाभर युरिया घातला. फरक पडेना, म्हणून जानेवारीत डीएपी हे नत्र-फॉस्फेटचं खत घातलं. त्यानंतर अंड्याची टरफलं, चुलीची राख आणि एप्सम सॉल्ट असं सगळं पंधरा दिवसांच्या आत. दोन जास्वंदींच्या पानांच्या कडा करपल्या आणि कळ्या गळू लागल्या. तपासणी झाली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

पानं काय सांगत होती

पिवळेपणा कुठून सुरू झाला, हा पहिला प्रश्न. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी आणि सरसकट पिवळी पडतात. मॅग्नेशियमची कमतरताही खालच्या पानांवरच दिसते. शिरांच्या मधला भाग पिवळा होतो आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. इथे उलट होतं. खालची पानं गडद हिरवी, शेंड्याची पिवळी आणि त्या पिवळ्यावर शिरांची हिरवी जाळी रेखल्यासारखी. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही. त्यामुळे त्याचा तुटवडा नेहमी नव्या पानावरच उघडा पडतो.

दुसरी खूण अशी की कोरफड, कण्हेर, बोगनवेल आणि पालक यांना काहीच झालं नव्हतं. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. खारं-चुनखडीचं सोसणारी झाडं धडधाकट आणि लोहाला हळवी झाडं आजारी, अशी वाटणी दिसली की कीड-रोग बाजूला ठेवून पाण्याकडे बघावं. करपलेल्या कडा ही वेगळी गोष्ट. ती क्षारांची भाजणी, आणि तिच्यात युरिया-डीएपीचाही हात होता.

मात्र या मातीत लोह नाही, असं कुणी म्हणू नये. मराठवाड्याची काळी माती बेसॉल्ट खडकाची, म्हणजे लोह भरपूर. ते मुळांना मिळत नाही, एवढंच. पीएच हे आम्ल-अल्कतेचं माप; सात म्हणजे मध्यम, त्यावर अल्क. तो एक अंकाने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह सुमारे हजारपटीने कमी होतं. आठच्या पुढे ते मातीत गंजासारखं पडून राहतं.

पाणी कुठलं?

घरात पाण्याच्या तीन वाटा होत्या: नळ, बोअर आणि आरओ यंत्राची टाकाऊ पाण्याची नळी. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर नळाचं पाणी लिटरला ३१० मिलिग्रॅम, बोअरचं १०८० आणि आरओचं टाकाऊ १६४० निघालं. गेल्या दीड वर्षापासून कुंड्यांना मुख्यतः हे तिसरं पाणी जात होतं. नळी सरळ बादलीत सोडलेली, बादली भरली की घरातले वडीलधारे अण्णा ती गच्चीवर नेत.

यात हलगर्जीपणा नव्हता, उलट काटकसर होती. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला दिवसाला ३०-४० लिटर पाणी मोरीत सोडून देणं जमत नाही. पण आरओ यंत्र क्षार नाहीसे करत नाही, ते फक्त वाटणी करतं. १०० लिटर बोअरच्या पाण्यातून ३५ लिटर गोडं निघालं तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या ६५ लिटरांत जातात. म्हणजे टाकाऊ पाणी मूळ पाण्याच्या दीडपट खारं आणि तितकंच जास्त चुनखडीचं. कुंडीतलं पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. सिमेंटच्या कुंड्यांवरचे पांढरे ओघळ आणि प्लास्टिकच्या काठावरची पांढरी कड हा त्याचाच हिशोब.

टीडीएसचा आकडा एकटा पुरत नाही, हेही ध्यानात घ्यावं. लोह अडवण्यात खारटपणापेक्षा बायकार्बोनेटचा वाटा मोठा असतो. तो मोजायला मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारी थेंब मोजायची किट पुरते; ती अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटच, दाखवते. बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी लिटरला ३८० मिलिग्रॅम निघाली, नळाच्या पाण्यात १४०.

मातीची परीक्षा दोन तऱ्हांनी झाली. कोरड्या मातीच्या ढेकळावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब टाकले तेव्हा कानाला ऐकू येईल असं फसफसलं. म्हणजे मुक्त चुना भरपूर. मग २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून, अर्धा तास अधूनमधून ढवळून पीएच पाहिला: ८.४. माती-परीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालात मुक्त चुना ९ टक्के आला. या भागातल्या काळ्या मातीला तो काही जगावेगळा नाही. शेतात मूळ खोल जातं, पावसाचं पाणी चुना धुऊन खाली नेतं. कुंडीत मुळाला पळायला जागा नसते.

माघातच का?

हेच पाणी पावसाळ्यातही जात होतं, मग झाडं तेव्हा का पिवळी पडली नाहीत? एक तर पावसाने कुंड्या धुतल्या जात. दुसरं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो, मुळं मंदावतात, पाणी उडत नाही. पण पाणी घालणाऱ्या हाताचा क्रम दिवाळीआधीचाच राहतो, रोज एक तांब्या. काळी माती फुगते, हवा कोंडते, वाफसा येतच नाही. अशा गार, ओल्या, चुनखडीच्या मातीत मुळांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड अडकतो आणि बायकार्बोनेट आणखी वाढतं.

आठ कुंड्या उलट्या केल्यावर पाचांची तळाची भोकं मातीने लिंपलेली सापडली. कुंड्या थेट फरशीवर टेकलेल्या, त्यामुळे भोक मोकळं असलं तरी पाण्याला वाट नव्हती. मुळांची टोकं तपकिरी, आणि चिमटीत धरली की साल दोऱ्यासारखी सुटून यायची.

गंधक की नवी माती

इथे नेहमी एक सल्ला मिळतो: गंधक घाला, पीएच उतरेल. हिशोब करून पाहू. १४ इंची कुंडीत सुमारे २० लिटर माती, कोरडी असता साधारण २४ किलो. त्यात ९ टक्के चुना म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुना मोडतं, म्हणजे एका कुंडीला ७०० ग्रॅम गंधक हवं, आणि तेही जिवाणूंनी पचवेपर्यंत महिने जाणार. तोवर क्षार वाढून झाड मरेल. चमचाभर गंधकाने पीएच उतरल्याचं जे सांगतात, त्यांच्या मातीत मुळात चुना नसतो. काळ्या मातीच्या कुंडीला गंधक म्हणजे विहिरीत टाकलेली साखरेची चिमूट.

म्हणून जास्वंद आणि मोगरा अशा ११ कुंड्यांची माती बदलायचं ठरलं. मिश्रण मापाने: लाल माती तीन भाग, धुतलेलं कोकोपीट तीन, गांडूळखत दोन, जाड वाळू एक. काळी माती शून्य. ११ कुंड्यांना २२० लिटर मिश्रण लागलं. कोकोपीटची ५ किलोची एक वीट फुगून ७० लिटरच्या आसपास होते, ती पुरली. कोकोपीट भिजवून, पिळून, दोनदा नळाच्या पाण्याने धुतलं, कारण बऱ्याच विटांत मुळातच मीठ असतं. पिळलेल्या पाण्याचा टीडीएस नळाच्या जवळ आला की थांबायचं. वाळूवरही व्हिनेगर टाकून पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. पहिल्या पोत्यातली वाळू शिंपल्याच्या चुऱ्याने भरलेली होती, फसफसून वर आली. ती परत गेली.

तळाला खडीचा थर घातला नाही. खडीमुळे निचरा वाढतो हा समज पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात बारीक माती जिथे संपून खडी सुरू होते तिथे पाणी अडतं आणि ओलीची पातळी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर खापराचा एक तुकडा, बस. भोकं मात्र सहा केली, प्रत्येक बोटाएवढी, आणि कुंड्या तीन-तीन विटांवर उचलल्या.

कुंडी बदलताना आदल्या दिवशी पाणी तोडलं. गोळा बाहेर काढून जुनी माती निम्म्याहून जास्त झटकली. पूर्ण धुतली नाही, कारण तंतुमुळं तुटतात. सडलेली मुळं कात्रीने काढली, बाहेरून गोल फिरलेली दोन-तीन सेंटिमीटर कापली. जितकी मुळं गेली त्या प्रमाणात वरचा पसारा उतरवला: जास्वंद एक तृतीयांश छाटली. मोगरा ३० सेंटिमीटरवर आणून उरलेली पानं ओरबाडून काढली. त्याला माघात असं बोडकं केलं की चैत्राच्या तोंडाशी तो कळ्या देतो. मग आठ दिवस सावली आणि तीन आठवडे कसलंही रासायनिक खत नाही.

गुलाबाच्या मुळांना हात लावला नाही. महाराष्ट्रात गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरातली, माघात ते फुलावर असतात. त्यांची वरची दोन इंच माती खरवडून नवं मिश्रण घातलं. आणि लिंबू? लिंबाला आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीची फुलं, लागलेला होता. या वेळी मुळं हलवली असती तर सगळी फुलं खाली आली असती. त्याची माती पावसाळ्यावर टाकली आणि तोवर ड्रम धुवायचं ठरलं. ८० लिटरच्या ड्रमातले क्षार धुवायचे तर दीड-दोनपट पाणी लागतं, म्हणजे दीडशे लिटर. लातुरात हे पाणी असंच सोडणं नको, म्हणून तीन दिवसांत ५०-५० लिटर संथपणे घातलं, खालून निथळलेलं घमेल्यात धरलं आणि त्याने गच्ची-जिना धुतला. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस पहिल्या दिवशी २९००, तिसऱ्या दिवशी ११५०.

लोह कसं दिलं

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या मातीत टाकून उपयोग नाही. चार दिवसांत त्याचा गंज होतो. ते पानावर द्यावं. लिटरभर नळाच्या पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवलं, मग ३ ग्रॅम हिराकस. हा क्रम उलटला तर पाणी तांबूस होतं, आणि तांबूस झालेलं द्रावण टाकून द्यायचं. फिकट हिरवं असेल तेच चांगलं. लगेच, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. फरशीवर थेंब पडले तर तांबडे डाग कायमचे. खाली जुनं गोणपाट अंथरावं.

मुळांना द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं, आणि त्यातही त्या रेणूचं नाव वाचून घ्यावं. दुकानात सर्रास मिळतं ते ईडीटीए; ते पीएच साडेसहाच्या पुढे लोह सोडून देतं आणि कॅल्शियम पकडतं. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं. या मातीत चालेल ते फक्त ईडीडीएचए, गडद लालसर पूड किंवा बारीक दाणे, नऊच्या आसपासपर्यंत टिकणारी. महाग असते, पण गुलाबाच्या चार कुंड्या आणि लिंबू एवढ्यांसाठीच घेतली: कुंडीला २ ग्रॅम एक लिटर पाण्यात, लिंबाला ८ ग्रॅम. ही फवारायची नाही, उन्हाने मोडते. मातीत ओतून वर थोडं साधं पाणी घालायचं.

डीएपी पूर्ण बंद केलं. फॉस्फेट लोहाला बांधून ठेवतं, म्हणजे जानेवारीत रोगालाच खाऊ घातला होता. राखही बंद; शिमग्याच्या होळीची राख कुंड्यांना घालायची पद्धत ज्या घरात आहे, त्यांनी ती निदान या झाडांपासून लांब ठेवावी. नत्रासाठी तीन आठवड्यांनंतर अमोनियम सल्फेट, कुंडीला ३ ग्रॅम, महिन्यातून एकदा. अमोनियम घेताना मूळ स्वतःभोवती थोडी आम्लता सोडतं, ती इथे कामाची.

पाण्याची नवी वाटणी

सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “अण्णा, ते नळीचं पाणी आता झाडांना नको.” अण्णांचा प्रश्न रास्त होता: “मग टाकू कुठं?” ते संडासाच्या फ्लशला आणि फरशीला गेलं, या घरात तेवढ्यात सगळं संपतं.

हळवी झाडं सोळा. फेब्रुवारीत एका कुंडीला दिवसाआड सव्वा लिटर, म्हणजे दिवसाला सरासरी १० लिटर, आठवड्याला ७०. नळाला पाणी रोज येत नाही, पण आलं की २०० लिटरचा एक पिंप भरून ठेवला तर हे सहज भागतं. सोशीक २५ कुंड्या बोअरवर. तपासून, बोटाची दोन पेरं खाली माती कोरडी लागली तरच पाणी. वरून कोरडी दिसली म्हणून नाही.

एप्रिलमध्ये मात्र याच सोळा कुंड्या रोज अडीच लिटर पितात, आठवड्याला २८० लिटर. तेव्हा पिंप कमी पडतो. त्या दिवसांसाठी निम्मं नळाचं, निम्मं बोअरचं असं मिश्रण ठरवलं. टीडीएस ७०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी २६० येते. १० लिटरच्या बादलीला ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे पाऊण सपाट चहाचा चमचा, घातलं की पीएच साडेसहाजवळ येतो. हा उपाय तात्पुरता आहे. मातीतले जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत जमतं, म्हणून उन्हाळ्याचे दोन महिने काढायला ठीक, वर्षभराचा नेम म्हणून नाही. सल्फ्युरिक ॲसिड टिकाऊ काम करतं, पण ते घरात हाताळायची वस्तू नव्हे.

वर दोन इंच सोयाबीनचं भुस्कट पसरल्याने मार्चमध्ये पाणी घालायची पाळी निम्म्यावर आली. भुस्कट खोडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर बुडाशी बुरशी धरते.

काय बिघडलं

एक जास्वंद गेली. तिची मुळं आधीच तीन चतुर्थांश सडलेली होती. तिच्या चार पेन्सिलजाड काड्या काढून कोकोपीटमध्ये लावल्या, त्यांतल्या दोन फुटल्या.

दुसरी चूक फवारणीची. पहिल्या फवारणीनंतर पानांवर हिरवे ठिपके उमटले, ते पाहून दुसऱ्या वेळी ‘अंमळ जास्त’ म्हणून लिटरला ८ ग्रॅम हिराकस घेतलं आणि फवारलं सकाळी दहाला. दुपारपर्यंत गुलाबाच्या पानांवर काळे डाग. पानं गळाली, झाडं वाचली.

मार्चच्या मध्याला गुलाबावर लाल कोळी आला. उन्हं तापू लागली की तो येतोच, आणि पानं पिवळट ठिपकेदार दिसल्याने घरच्यांना वाटलं, लोह पुन्हा कमी पडलं. पान उलटून पांढऱ्या कागदावर झटकलं तर धूळ चालताना दिसते. तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, एवढ्याने तो आटोक्यात आला. पाण्यात विरघळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला चालतं, पण पारा ३२ च्या वर असेल तर पानं भाजतात. लातुरात मार्चमध्ये ती वेळ निघून गेलेली असते.

पाडव्यापर्यंतची स्थिती

पहिल्या फवारणीनंतर आधी ठिपके, मग पाचव्या आठवड्यात जास्वंदीचं नवं पान पूर्ण हिरवं. जी पानं पांढरी पडली होती ती शेवटपर्यंत तशीच राहिली. ती पुन्हा हिरवी होतील म्हणून वाट पाहू नये. मोगऱ्याच्या सहापैकी पाच कुंड्यांना पाडव्याच्या आठवड्यात कळ्या दिसल्या. सहावी पश्चिमेच्या कठड्याला, दुपारचं ऊन थेट घेणारी. तिला गोणपाट गुंडाळून आत सरकवलं. गच्चीच्या त्या बाजूला तुराट्यांचा आडोसा आणि वर ५० टक्क्यांची शेडनेट एप्रिलआधी बांधली.

लिंबू निम्मं सुधारलं. नवी पालवी हिरवी, पण शिरा अजून उठून दिसतात, आणि फळं धरली ती वाटाण्याएवढी असताना बरीच गळाली. चुनखडीची माती आत आहे तोवर यापेक्षा जास्त होणार नाही. ज्येष्ठाच्या अखेरीला दोन चांगले पाऊस झाले की ड्रम आडवा करून त्याची माती बदलायची. त्याच वेळी गच्चीच्या पन्हळाचा पाइप पिंपाकडे वळवायचा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि या गच्चीचा पन्हळाकडे उतरणारा भाग ४० चौरस मीटर भरतो. पहिला पाऊस सोडून द्यायचा, धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात जाते. पिंपाला झाकण आणि तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर श्रावणात डासांची पैदास होईल.